किल्लीवाल्याचं दार

दार वाजवलंस आणि चालती झालीस? एवढ्या लांबून आलीस ती काय नुसती कडी वाजवायला? शेजारणीकडे बसायचं, खिडकीवर खडा मारायचा. बापाचा ताठा तेवढा बरोबर उचललास.

सोमवार, दुपार.

चि. भिंगरी, आशीर्वाद. माझा गुडघा आहे तसाच आहे. भिंत धरून मोरीपर्यंत जाते.

तुझ्या बापाचं विचारशील. जेवतो. टीव्हीसमोर जेवतो, तिथेच झोपतो. टीव्ही बंद केला की फोन. कुठे दरोडा, कुठे सुरा, कुठे आग. एकच बातमी दिवसभर उगाळतात, आणि याला दर वेळी नवी वाटते. दुकान बंदच आहे. म्हणतो, कोणाला किल्ली करून द्यायची? कोण चोर, कोण साव, काय कळतं? अख्ख्या गल्लीची अडलेली दारं उघडणारा माणूस, आणि आता स्वतःच्या दाराला वर एक, खाली एक, मध्ये एक कुलूप. शेजारीण विचारते, घरात तिजोरी आहे का हो? म्हटलं, घरच तिजोरी झालंय, आणि आत मी.

त्या दिवशी तू "बाबा, मी आलेय" म्हणालीस, ते आम्ही दोघांनी ऐकलं.

हे लिहायचं नव्हतं. पण तू समजतेस तसा तो रुसलेला नाही. बातम्यांत सांगितलं होतं, चोर आता मशीनवर लेकीबाळींचा आवाज हुबेहूब काढतात. मी म्हटलं, अरे, भिंगरी आहे ती, उघड. तर म्हणाला, "आई, गप्प! असंच फसवतात." घामाने निथळत होता. हातात हातोडी होती गं त्याच्या. तू दार ढकलून आत आली असतीस तर... जाऊ दे. गेलीस तेच बरं झालं.

आणि खरं सांगते, दिवसभर तेच कानावर आदळतं, कानाला काही कुलूप नसतं. घटकाभर मलाही वाटलं, ही भिंगरीच कशावरून?

काल मला विचारतो, "आई, मी लहानपणी कुठून पडलो होतो?" माझी परीक्षा! म्हटलं, माझ्या पोटातून पडलास, मेल्या. हसला नाही. दारात वाट अडवून उभा राहिला. मग सांगितलं, पेरूच्या झाडावरून. तेव्हा कुठे माझ्या हातचं ताट घेतलं.

फोन करू नकोस, आवाजावरचा त्याचा विश्वास उडालाय. माझाही फोन काढून घेतलाय. हे पत्र स्वयंपाकघराच्या जाळीतून शेजारणीच्या हाती देतेय. तू हाताने लिही. तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर कुठल्या मशीनला जमायचं नाही. त्याने तुला पहिलं कुलूप उघडायला शिकवलं तेव्हा कानात काहीतरी म्हणाला होता. काय ते मला माहीत नाही, तुम्हा दोघांनाच ठाऊक. ते लिही.

नवऱ्याकडून लिहून घेऊ नकोस. मलाही उत्तर नको. तूच लिही, आणि त्याला लिही.

तुझी आजी,
खरी तीच.