शेजारच्या पेशीला धरणारं टोक

प्रिय बुटके,

तुझं पत्र काल मिळालं. स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, अभिनंदन! हा शब्द लिहितानाही पोटात दुखलं, ते आधीच सांगून टाकते.

प्रथिनाचा तो तुकडा आधी माझा होता. पेशीबाहेर डोकावणारा, आपलं टोक शेजारच्या पेशीवरच्या तशाच तुकड्याच्या खाचेत खुपसणारा आणि त्याचं टोक आपल्या खाचेत घेणारा. अशा लाखो पकडींमुळे आपली कातडी एकसंध राहते, हे पहिल्या दिवशी तुला मीच फळ्यावर काढून दाखवलं होतं. क्ष-किरणांनी त्याची रचना पाहायला आधी त्याचे स्फटिक हवे होते. चार वर्षं मी खपले, पण दर सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली नुसता गाळ! मग सरांनी काम तुझ्याकडे दिलं. कॅल्शियम कमी पडलं की तो तुकडा लुळा पडतो, हे तू ताडलंस. कॅल्शियम वाढवलंस, आणि पाचव्या आठवड्यात सुईसारखे लखलखीत स्फटिक. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला यश आहे." सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. मग हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

दोन महिन्यांनी मी नोकरी बदलली. तुला आईच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. आईचे गुडघे ठणठणीत होते.

पुढच्या वर्षी तुझा रडत फोन आला. नियतकालिकाच्या निनावी परीक्षकाने तुझा शोधनिबंध आठ महिने लटकवला होता, तोवर दुसऱ्यांनी तीच रचना छापली. "कोण गं हा मेला?" तू विचारलंस. "असतात असे जळके," मी म्हटलं, आणि तुला आधी जेवून घ्यायला सांगितलं.

तो परीक्षक मी होते. ओळखीच्या माणसाचं काम तपासायचं नसतं. मी "ओळख नाही" असं लिहून दिलं. तुकड्याच्या टोकावरचा एक दुवा बदलून पेशी एकमेकींपासून सुटतात का ते दाखवा, अशी कित्येक महिने खाणारी मागणी केली. मागणी शास्त्राला धरून होती, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण तुझे निष्कर्ष मला पहिल्याच वाचनात पटले होते.

आता तू लिहितेस, "माझ्याकडे ये. या तुकड्याबद्दल तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही." दिवसभर त्या एका ओळीवर मी तरंगत होते. संध्याकाळी 'हो' लिहायला बसले आणि हात चालेना. त्या नियतकालिकाच्या संपादकांना आज सगळं कळवलंय, प्रत सोबत जोडली आहे. मला बोलव किंवा बोलवू नकोस; पण कुणाला बोलवते आहेस, ते कळून ठरव.

तुझीच,
लंबू