पिवळ्या डोळ्यांचा आकडा

आई, आज विभागाच्या बैठकीतून मी दार आपटून बाहेर पडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढी काहून तापून राहिली वं?" म्हणून घरी येऊन तुलाच लिहून सांगते.

आमच्या अतिदक्षता विभागात प्रत्येक रोग्याचा आकडा काढतात. रक्तदाब, श्वास, कावीळ, सगळ्याला गुण; बेरीज जितकी मोठी तितकी जगण्याची आशा कमी. हा हिशेब बसवला परदेशातल्या रोग्यांवरून. आपल्याकडच्या सिकलसेलवाल्यांना त्यात कुणी धरलंच नाही. हा रक्ताचा जन्मजात आजार, त्यात डोळे बारा महिने पिवळे असतात, तुझे होते तसे. आकडा त्या नेहमीच्या पिवळेपणाचेही गुण चढवतो आणि जगू शकणाऱ्या माणसावरही फुली मारतो.

तुझ्या वेळी आकडा नव्हता, डॉक्टरची नजर होती. मी तुझ्या पायाशी उभी आहे आणि तू धापा टाकत सांगते आहेस, "डोये माहे जल्माचेच पिवये हायेत, साहेब. मले दम लागून राहिला, त्याचं पाहा." तो तुझ्याशी बोललाच नाही. बाबांना म्हणाला, कावीळ फार चढली, घरी न्या. बाबांनी सही करून तुला घरी आणलं आणि तू गेलीस. सहीच्या कागदावर होतं, 'स्वखुशीने नेत आहे.' स्वखुशीने! हा शब्द दिसला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या महिन्यात काटोलकडची एक मुलगी आली. सिकलसेल, त्यात न्यूमोनिया. मी रजेवरून परतेपर्यंत आकडा पाहून तिला घरी पाठवलेलं, वडिलांची तीच सही घेऊन. म्हणून आज म्हटलं, हा आकडा आपल्या माणसांवर तपासून पाहू या. प्रमुख हसले. "मॅडम, जगभर वापरून राहिले लोक. आपण काय वेगळे दिवे लावणार?" मी विचारलं, घरी पाठवलेल्यांचं पुढे काय होतं, कुणी पाहतं का? कुणीच नाही. आकडा वाईट म्हणून घरी पाठवायचं, गेलेला मेलाच असं धरायचं, आणि आकडा खरा ठरला म्हणून मान डोलवायची. ही काय थट्टा लावली आहे?

दवाखान्यातल्या माझ्या खोलीत येऊन मी त्या मुलीच्या घरी फोन लावला. तिच्या आईशी काय बोलायचं, शब्द जुळवत होते. कुणीतरी उचलल्यावर म्हटलं, दवाखान्यातून बोलते, तुमची मुलगी...

"मीच बोलून राहिली, मॅडम. आता बरी आहो. बाबानं गाडी घराकडं वळवलीच नाही. रामदासपेठेत दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं, रक्त चढवलं."

मी रडले, आनंदानंच. पण फोन ठेवल्यावर जो राग आला तो प्रमुखांचा नव्हता, आकड्याचाही नव्हता. आयुष्यभर मी त्या डॉक्टरला शिव्या घातल्या. आज पहिल्यांदा मला बाबांचा राग आला. ते आता फार थकलेत, बाहेरच्या खोलीत माझ्या हातच्या चहाची वाट पाहत बसलेत. हे लिहिलेलं त्यांच्या हाती लागायला नको.