तेलाच्या विहिरीत माझा गळ

राजमहेंद्री, मार्च १९८९

माय, पाया पडतो. वस्तीत सगळ्यांना जय भीम. भागीरथाताई वाचून दाखवेलच.

तुझा दौलत कालपासून मशीनचा ऑपरेटर झाला. तेलाच्या विहिरीत बारीक तारेला बांधून अवजारं सोडतात, त्या मशीनचा. मागं तार तुटून एक खालीच राहिलं अन् विहीर बंद पडली. साहेब म्हणाले, "दौलत, अब तू निकाल."

मी नव्या तारेला गळासारखं अवजार लावून सोडलं अन् सगळ्यांना म्हटलं, "कोई बात नहीं करेगा." आपल्या विहिरीत बादली पडली की गळ सोडताना तू बायांना अशीच गप्प करायची. तारेवर हात ठेवून कान दिला. खाली ठक् लागलं, तसं हळूच ओढलं. आलं बापा वर.

साहेबांनी विचारलं, "कहाँ सीखा?" म्हटलं, "माँ के पास, जैनथ में."

अक्षर वाकडं दिसलं तर काळजी करू नको. तार तुटली तवा बोटाला जरासं लागलं होतं, आता बरं आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या विहिरीवर पंप बसला म्हणे. तरी आपला गळ भंगारवाल्याला देऊ नको. साहेबांना दाखवायचा आहे.

तुझाच,
दौलत