चोवीस कागदांचं तळघर

रविवार, ५ मार्च
आजचा खेळ फक्कड झाला. सव्वातीन तासांत मंडळी गोष्टीतल्या तळघराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पोचली. दातांच्या डॉक्टरांनी चहाचा कप नकाशावर ठेवला म्हणून खेळ थांबवून वीस मिनिटं समज दिली. ते, ग्रंथपालबाई आणि माझा मेव्हणा, एकेक पात्र होऊन खेळणारे तिघंही खाली मान घालून ऐकत होते. मान आहे मला. गोष्ट सांगणारा मी, राक्षस मी, फासे पडल्यावर निकाल माझा, आणि नकाशेही माझ्याच प्रिंटरवर छापलेले. असा सूत्रधार यांना कुठे मिळणार?
संकल्प: पुढच्या रविवारी अख्खं तळघर एकाच नकाशात. ए-फोरचे चोवीस कागद.

बुधवार, ८ मार्च
चोवीस छापून झाले. प्रिंटरने न विचारता सगळं लहान केलंय. इंचाचा चौकोन पाऊण इंचाचा. सोंगट्या मावत नाहीत. योद्ध्याचा एक पाय भिंतीत. पुन्हा छापणार. दगा देणारं घरात हे एकच यंत्र आहे, तेवढं बरं.

शुक्रवार, १० मार्च
निळी शाई संपली. नदी गुलाबी आली. जादूची म्हणून खपेल. बायकोला विचारलं, नदी कशी वाटते. ती म्हणाली, ही नदी आहे का? तिला या खेळातलं कळत नाही. तरी दर रविवारी कोपऱ्यात विणत बसून सगळं ऐकते, बिचारी.

रविवार, १२ मार्च
खेळ रद्द. डॉक्टरांची दाढ दुखतेय. मेव्हण्याकडे पाहुणे. ग्रंथपालबाईंना पुस्तकं मोजायचीयत. तिघांनाही एकाच दिवशी अडचण? मी लगेच ओळखलं. मला नकाशाला वेळ मिळावा म्हणून ठरवून केलंय. भरून आलं. बायको पाहुण्यांचं बघायला भावाकडे गेली. घर रिकामं, कापाकापीला अख्खी फरशी मिळाली.

रविवार, १९ मार्च
खेळ रद्द. दाढ आता दुसऱ्या बाजूची. पाहुणे हललेले नाहीत. बाई अजून मोजतायत.
कापताना प्रत्येक कडेला मिलिमीटरभर जास्त गेलं. पंधराव्या कागदावर भुयार दार सोडून भिंतीत शिरतं. गोंदाने फुगवटे आलेत. डोंगराळ भाग म्हणता येईल. तळघरात डोंगर का नसावेत?
बायको सहाला परतली, चांगलीच खुशीत. परक्यांची उठबस करून इतकी खूश. थोर आहे.

रविवार, २६ मार्च, दुपारी ४
खेळ रद्द, कारणं तीच. मेव्हण्याकडून स्टीलची लांब पट्टी घेऊन येतो.

सायंकाळी ७.३०
पाहुणे नव्हते. दाराबाहेर डॉक्टरांचे बूट. आत डॉक्टर, सगळ्या दाढांसकट. ग्रंथपालबाई. मेव्हणा. आणि मधल्या खुर्चीत, सूत्रधार म्हणून, माझी बायको. समोर जुन्या कॅलेंडरची पाठ, तिच्यावर पेन्सिलीने ओढलेले चौकोन, एकही दुसऱ्यासारखा नाही. सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणं. शिवाय नकाशावर तीन कप.
विचारलं, हे कधीपासून. मेव्हणा म्हणाला, भावोजी, हा तिसरा रविवार. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे तोंड उघडायची भीती वाटायची. हे दातांचा डॉक्टर म्हणतो. बायको म्हणाली, सांगणारच होते, पण तू कापत होतास.
तडक निघणार होतो. पण ती सांगत होती की भुयाराच्या टोकाकडून कोणीतरी या तिघांना हाका मारतंय, आणि आवाज त्यांचेच आहेत. एवढं ऐकून जावं म्हणून दारात थांबलो. कोणीतरी स्टूल सरकवलं. सात कधी वाजले कळलं नाही.

सोमवार, २७ मार्च
सकाळपासून अबोला. नाश्त्याला मोडला, कारण हाका मारणारं कोण ते विचारायचं होतं. सांगेना. खेळणाऱ्याला आधी सांगत नाहीत म्हणे. म्हणजे मी खेळणारा. पात्रही ठरलंय: सामान वाहणारा हमाल. म्हटलं, निदान नकाशा तरी माझा घ्या. ती म्हणाली, आण, पण उलटा अंथरू, मागची बाजू कोरी आहे.
हमाल बोलतो का, विचारलं.
कोणी विचारलं तर, म्हणाली.