गाईनं पाडलेले दात

आये, दोन महिने झाले, माझे पुढचे तीन दात गेले. आपल्या गाईनं पाडले. तिचा तरी काय दोष, मी पेंड घालायला वाकले आणि तिनं गोमाशी उडवायला मान वर झटकली, तिचं कपाळ आणि माझं तोंड एका जागी आलं. दोन दात तिथंच गव्हाणीत पडले, तिसरा लोंबत राहिला, तो बारामतीला दाताच्या डॉक्टरनं काढला. पण एवढं सांगायला वही घेऊन बसले असं नाही, सांगायचं दुसरंच आहे. माझं तुला ठाऊक आहे, पाण्याला धाडलं तर मी आधी सगळी आळी फिरून यायची. तिसरीपर्यंतची माझी शाळा, जोडाक्षरं चुकतील. तुला तर वाचताच येत नव्हतं, त्यामुळं चुकलेलं कळायचंही नाही, ते एक बरंय.

वही नातीची आहे, मागची पानं कोरी होती. नात म्हणजे तुझ्या नातवाची पोरगी, दुसरीत आहे. काय सांगू तुला, नुसती मिरची! आणि गंमत अशी की तिचेही पुढचे दोन दात ह्याच दिवसांत पडलेत. आम्ही दोघी आरशापुढं उभ्या राहून ‘सासवड’ म्हणतो आणि फसकन वारा सुटला की पोट धरून हसतो. ती मला विचारते, ‘आज्जे, तुझे आधी येत्याल का माझे?’ मी म्हटलं, ‘माझे. तुझे देव घालणार, माझे डॉक्टर घालणार. देवाकडं लई गर्दी आसती.’ आपल्या वेळी पडलेला दात कौलावर टाकायचो, आता घराला स्लॅब आला, म्हणून तिनं तिचे दात गोठ्याच्या पत्र्यावर टाकले. माझे गव्हाणीतले दोन्हीही धुऊन तिच्याच हातानं टाकले. टण्णकन वाजले. तेव्हा कुठं माहीत होतं की त्या दातांची कुणी चौकशी करणार आहे.

आणि तिला मी एक कबूल केलंय. ऊस दातानं सोलण्यात माझा हात, म्हणजे माझं तोंड, अख्ख्या गावात कुणी धरलं नाही. तू माळेगावला कारखान्याच्या वाटेवर बैलगाडीतनं पडलेला ऊस उचलून द्यायचीस आणि मी उभ्या उभ्या सोलून मोकळी. नातीला म्हटलं, तुझे पक्के दात आले की बांधावर बसून शिकवते. बारामतीच्या डॉक्टरनं दोन वाटा सांगितल्या. एक कवळी, काढायची-घालायची. दुसरी म्हणजे हाडात स्क्रू बसवून पक्के दात. मी विचारलं, कवळीनं ऊस सोलता येईल का? तर तो हसला, ‘आजी, उसाबरोबर कवळीच निघून यायची.’ पक्क्या दातांचा खर्च आमच्या बेताबाहेरचा. पण लेकानं घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा उतरवलाय, म्हणून म्हटलं, मिळेल की.

हितून पुढं जे सुरू झालं ना, त्यानं मी थकले बघ. दात दुखत नाहीत एवढी ती कंपनी दुखते. पहिलं उत्तर आलं की दाताच्या कामाला विमा लागू नाही. मी सुनेला म्हटलं, ‘दात काय माझ्या आंगाभायेर हायेत व्हय?’ मग आमचा एजंट आला, कारखान्यातनं रिटायर झालेला माणूस, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. तो म्हणाला, अपघातात दात गेला तर लागू आहे, पुरावा द्या. पुरावा म्हणजे काय, तर गाईचा फोटो, तोही कानातला बिल्ला दिसेल असा. सून मोबाईल घेऊन गोठ्यात उभी आणि गाय दर खेपेला तोंड फिरवणार. सून म्हणाली, ‘आत्या, हिचा पण इमा हाय. हिचा दात पडला आसता तर आत्तापातुर साहेब घरी येऊन गेला आसता.’ इंदापूरहून बारामतीला एसटीनं मी सहा वेळा गेले. एकदा डॉक्टरचा शिक्का राहिला, एकदा शिक्का होता पण सही भलत्याच रकान्यात गेली. फोन लावला की एक दाबा, दोन दाबा, मग गाणं वाजत राहतं. भाजी फोडणीला टाकावी, शिजवून उतरवावी, तरी गाणं चालूच.

शेवटी एक दिवस कंपनीच्या बाईचा आपण होऊन फोन आला. आवाज गोड. पडलेले दात ठेवलेत का म्हणून विचारलं. म्हटलं, ‘न्हाय बाई, पत्र्यावर टाकले.’ तिनं ते लिहून घेतलं. मग विचारलं, तंबाखू खाता का? ‘न्हाय. जन्मात न्हाय.’ दुसरं काही व्यसन? ‘कसलं व्यसन, सकाळ-संध्याकाळ मिसरी लावती तेवढी.’ आता तूच सांग, मी खोटं बोलले का? मिसरी तंबाखू भाजूनच होते हे काय मला ठाऊक नाही! पण तंबाखू खाणं म्हणजे चुना लावून मळायची, दाढेखाली धरायची, ते पुरुषांचं. आपण बायका दात घासतो. विम्याच्या फॉर्मावरही लेकानं विचारलं तेव्हा मी ‘न्हाय’च सांगितलं होतं. ती बाई म्हणाली, मिसरी कधीपासून लावता, कुणी लावली सवय? आणि मी, आये, बोलता बोलता बोलून गेले, ‘आईची डबी हाय. तिनंच दिली.’

आठ दिवसांनी पत्र आलं. सुनेनं वाचून दाखवलं. दात तंबाखूनं आधीच खिळखिळे झालेले होते, गाय निमित्त, आणि फॉर्मावर सवय लपवली, म्हणून नामंजूर. भाऊसाहेब म्हणाला, घाबरू नका, वरच्या साहेबाकडं अर्ज करू. त्यानं कागद लिहूनच आणला. त्यात असं होतं की माझ्या आईनं अडाणीपणानं मला लहानपणीच मिसरीची सवय लावली, त्यात तंबाखू असते हे मला सांगितलं नाही, तरी माझी चूक माफ करून मंजुरी मिळावी. खाली सहीला जागा. भाऊसाहेब म्हणतो, अशानं साहेब विरघळतात, त्यानं दोघांची कामं अशीच करून दिलीत. मी पेन हातात धरून बसले. तो म्हणाला, ‘आक्का, करा सही. आई काय आता वरनं खाली येऊन इचारणार हाय व्हय?’ सून हसली. मीही हसले. मग म्हटलं, चष्मा सापडत नाही, उद्या करते. चष्मा पदरात होता.

आता ऐक. मी सात वर्षांची आहे. तू मागच्या अंगणात फुटक्या तव्यावर तंबाखू भाजतीयेस, धुरानं तुझे डोळे गळतायत. तू पाण्याला गेलीस आणि मी देवळीतली पितळी डबी काढून बोटभर मिसरी तोंडात फिरवली. अंगण गरगर फिरलं, शेळीच्या खुंट्यापाशी ओकले. तू हंडा तसाच टाकून आलीस, आधी मीठ-पाण्यानं माझं तोंड धुतलंस आणि मग फुंकणीनं पोटऱ्या सोलून काढल्यास. म्हणालीस, ‘परत हात लावलास तर बोट तोडीन. माझं झालं त्ये झालं. तुझं दात पांढरं ऱ्हाऊ देत.’ त्यानंतर माहेरी होते तोवर मी डबीला हात लावला नाही. फक्त निघायच्या दिवशी लावला. लग्न होऊन इंदापूरकडं निघाले, बाया ओटी भरतायत, तू कुणाला तरी जेवायला वाढतीयेस, आणि मी देवळीतनं डबी उचलून लुगड्याच्या घडीत सारली. मिसरी लावायची म्हणून नाही गं. तिला तुझ्या हाताचा वास होता. सासरी पहिल्या सकाळी कुणी ओळखीचं दिसेना, तेव्हा वास घ्यायला उघडली. वासानं भागलं नाही, तेव्हा बोट बुडवलं.

सहा महिन्यांनी तू मला भेटायला आलीस. मी न्हाणीपाशी मिसरी लावत बसलेली, डबी शेजारी. तुझी नजर आधी डबीवर गेली, मग माझ्या काळ्या पडलेल्या हिरड्यांवर. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि टोमणा मारलाच, ‘इहीणबाई, लेकीला रुखवतात डबीच दिली व्हय? बरी सवय लावून धाडली!’ मला वाटलं, आता माझी चोरी उघडी पडणार, सगळं घर मला चोरटी म्हणणार. मी मान खाली घातली. आणि तू म्हणालीस, ‘व्हय, मीच दिली. चुकलं माझं.’ एवढंच. चहा घेतलास, माझ्या केसांत तेल घातलंस, दुपारच्या गाडीनं गेलीस. त्या डबीबद्दल मला कधी चकार शब्द विचारला नाहीस. मीही तेव्हा तोंड उघडलं नाही आणि तू देवाघरी गेलीस तरी उघडलं नाही. पन्नास वर्षं ह्या घरात ती ‘आईनं दिलेली डबी’ आहे.

म्हणून तो कागद मला जड जात होता, आये. सासूपुढं तू बोललीस ते वाऱ्यावर गेलं. कागदावर मात्र माझ्या सहीनं तू कायमची अडाणी ठरली असतीस, पोरीच्या तोंडात तंबाखू घालणारी. पक्के दात पाहिजे होते, नाही असं नाही. भाकरी दुधात बुडवून खायचा वीट आलाय, आणि ऊस समोर असून चाकूनं तुकडे करून चघळायचे म्हणजे म्हातारपण आलं हे दहा जणांत सांगणं.

काल सकाळी नात धावत आली, ओठ वर करून, ‘आज्जे, बघ! बघ!’ हिरडीतनं तांदळाच्या कण्यासारखं पांढरं टोक वर आलंय. शर्यत ती जिंकली. मी तिला उचलायला गेले, उचलली जाईना, तरी उचललीच. मग आत गेले आणि भाऊसाहेबाचा कागद चुलीत घातला. सुनेनं विचारलं तर म्हटलं, कवळीच बरी, काढून धुता येते. ती म्हणाली, ‘मग ऊस?’ म्हटलं, सोलायचा कसा ते तोंडानं सांगीन.

ही पानं मी नातीच्या वहीतनं फाडून डबीत ठेवणार आहे, तुझ्याकडं यायला त्यांना दुसरी वाट नाही. सुनेला, लेकाला डबीचं खरं सांगितलेलं नाही. उद्या सांगीन असं कालपासून म्हणतेय. फक्त तुला सांगतेय, आणि तुला तर ते त्याच दिवशी न्हाणीपाशी कळलं होतं.