बन्सीसाठी केलेलं टक्कल

६ जानेवारी २०२५, सोमवार
बन्सीलालचा फोन. आतड्याचं ऑपरेशन दिवाळीत झालं, आता किमो. दर तीन आठवड्यांनी एक बाटली, अशा आठ. पहिली गुरुवारी. छायावहिनी शाळेत स्वयंपाकाला असतात, रजा मिळत नाही. म्हणाला, काशा, चार तास नुसता शेजारी बस.
ताबडतोब हो म्हटलं. पहिलीपासूनची दोस्ती. बन्सीचा आधारस्तंभ व्हायचं ठरवलं आहे.

८ जानेवारी, रात्री
थर्मास घेतला. पाच विनोद लिहून काढले. कॅन्सरवाल्याशी काय बोलू नये याचे तीन व्हिडिओ पाहिले. माझ्याइतकी तयारी डॉक्टरांनीही केली नसेल.

९ जानेवारी, गुरुवार
गेलो नाही. सकाळी दोन शिंका आल्या. किमोच्या पेशंटला इन्फेक्शन चालत नाही. मैत्रीपेक्षा जबाबदारी मोठी. वहिनींनी पगार कापून सुट्टी घेतली. बन्सी म्हणाला, काही हरकत नाही.
तिसरी शिंक आली नाही. पण आली असती तर?

१२ जानेवारी, रविवार
मार्ग सापडला! किमोत केस गळतात. परदेशात अशा वेळी मित्रही टक्कल करतात. चार तास बसणं कोणीही करेल, हे कोण करेल?
सलूनवाल्याने हळू आवाजात विचारलं, मूछ पण? म्हटलं, सगळं काढ, अर्धवट काम मला आवडत नाही. त्याने पैसे घेतले नाहीत, उलट हात जोडले. मैत्रीची किंमत साध्या माणसांनाच कळते.
घरी बायकोने, कविताने, कपाळावर हात मारला. तेव्हापासून बोललेली नाही.

१३ जानेवारी, सोमवार
मी टोपी न घालता ऑफिसला गेलो. शेठ खुर्चीतून उठले. जेवी भगवाननी मरजी, म्हणाले, आणि आठवडाभर घरी बस म्हणाले. सुरतच्या अख्ख्या साडी मार्केटला बन्सीची एवढी काळजी!
खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई तर मला पाहून रडल्याच. त्या बन्सीला ओळखतही नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सोसायटीची नऊ माणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन सतरंजीवर बसली. मी त्यांना मैत्रीवर चार शब्द सांगत होतो. कविता कोपऱ्यात, अबोल. सगळे तिच्याकडे पाहून मान हलवत होते.
तेवढ्यात माझे वडील आले. आप्पा आठवड्यापूर्वी दोंडाईच्याला बहिणीकडे गेले होते, ते परतले. एवढी माणसं पाहून चपला न काढताच माझ्या शेजारी बसले आणि कुजबुजले, कोण गेलं रे?
सगळ्यांच्या माना माझ्या डोक्याकडे वळल्या. शेवटी मालतीबाई म्हणाल्या, तुम्ही.

१४ जानेवारी, उत्तरायण
सगळं सुरत गच्चीवर, पतंग उडवत. मी घरात. आप्पा बोलत नाहीत. कविता बोलते, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.
अकरा वाजता नंदुरबारहून सासरे आले, दुखवट्याचा टॉवेल-टोपी घेऊन. मालतीबाईंनी त्यांना फोन केला होता, आप्पा परतल्याचा फोन करायचं कोणाला सुचलं नाही. दार आप्पांनी उघडलं. सासरे म्हणाले, आणलेलं परत नेणं बरं नाही. आप्पांनी टॉवेल ठेवून घेतला. सुती आहे म्हणाले.

१९ जानेवारी
बन्सीला अजून टक्कल दाखवलेलं नाही. त्याचे केस गळेपर्यंत थांबणार. नाहीतर परिणाम साधत नाही. तो नवागामला, मी डिंडोलीत, रिक्षाने दहा मिनिटं. कधीही जाता येईल.

३० जानेवारी, गुरुवार
दुसरी बाटली. आज गेलो! हॉस्पिटलपर्यंत नक्कीच गेलो. गेटवर वॉचमनने माझं डोकं पाहिलं आणि धावत व्हीलचेअर आणली. त्याचं मन मोडवेना म्हणून बसलो. त्याने थेट किमोच्या वॉर्डाच्या दारापर्यंत नेलं. काचेतून बाटल्या दिसल्या, सुया दिसल्या. बन्सीचा पाय दिसला, मोज्यातला.
मी खुर्चीतून उठून जिन्याने खाली आलो. गाडी चुकीच्या जागी लावली होती. टो करून नेतात हल्ली.

३ फेब्रुवारी, सोमवार
बन्सीच आला. कठडा धरत, दोन मजले चढून. आप्पा गेल्याचं त्याला आज कामावर, लूमच्या कारखान्यात कळलं. दार आप्पांनीच उघडलं. बन्सी त्यांच्या पाया पडला आणि इतका हसला की खाली बसावं लागलं.
डोक्यावर भरगच्च केस. तेल लावून भांग पाडलेला.
मग मी टक्कल का केलं ते सांगितलं. म्हणाला, या औषधाने केस फारसे गळत नाहीत, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी मी नव्हतो. हे तो बोलला नाही. आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाला, तुनं टक्कल लिसन काय करू भो? तूच ये ना.
पाणी प्यायला आणि गेला. सोडायलाही येऊ दिलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
खरं लिहितो, कोण वाचतंय! मला भीती वाटते. सुयांची तर वाटतेच. तिसरीत कुत्रं चावलं, तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. चौदाही दिवस बन्सी सोबत आला होता. पण त्याला त्या खुर्चीत पाहिलं की तो मरू शकतो हे खरं होईल, असं वाटतं. न पाहता तो फक्त सुट्टीवर आहे.
उद्या जाणार. थर्मास भरला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
गेलो. शेवटपर्यंत होतो.
तपशील: सिस्टरने आधी माझाच हात धरला आणि शीर शोधू लागली. टक्कल माझंच होतं ना! बन्सीने सोडवलं. मग त्याला सुई टोचली आणि मी पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या रिकाम्या खाटेवर होतो आणि बन्सी, एका हाताला बाटली लावलेली, दुसऱ्या हाताने मला वारा घालत होता. माझ्याच विनोदांच्या कागदाने. त्यातले दोन त्याने मला वाचूनही दाखवले. थर्मासमधला चहा वहिनी येईपर्यंत मीच संपवला, साखर लागते म्हणून.
रिक्षातून उतरताना म्हणाला, पुढच्या खेपेलाही ये. तुला सांभाळण्यात चार तास कसे गेले कळलंच नाही.
येतो म्हटलं. अजून पाच बाटल्या आहेत.