फोन आई उचलेल

प्रिय जयेश,

ईमेलचं उत्तर कागदावर आलं म्हणून हसशील. हस. पण ईमेल तू मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचतोस, हे मला तुझ्या उत्तरांवरून कळतं. हे जरा बसून वाच. शाळेत हिंदी घेतल्यामुळे तुझं देवनागरी ठीक आहे. एखादा शब्द अडला तर सूनबाईला, संपदाला विचार. ती साताऱ्याची आहे, तिला सांगायला आवडेल.

सोहना रोडवरचं ते ज्येष्ठांचं निवासस्थान मी पाहून आलो. तू पाठवलेल्या फोटोंपेक्षा चांगलं आहे. हिरवळ, व्हीलचेअरसाठी उतार, दिवसरात्र नर्स. जनरेटरचाही आवाज स्वच्छ. फक्त बसवताना खाली रबर द्यायला विसरलेत, ते मी मॅनेजरला सांगून आलो. तेव्हा म्हातारा नव्याला नाक मुरडतोय असं समजू नकोस. नव्याला मी कधीच नाक मुरडलं नाही. उदारीकरणाने गुडगावला इमारती दिल्या आणि वीज द्यायला विसरलं, त्या विसरभोळेपणावरच पानिपतच्या यंत्रमागांवर फिरणारा हा फिटर जनरेटर बसवत बसवत मयूर विहारच्या फ्लॅटचा मालक झाला. तुझं म्हणणं मला पटलंही असतं, हॉस्पिटलच्या कागदावरचं ते एक वाक्य खरं असतं तर. पेशंटला बोललेलं समजत नाही. तिथून तू पुढे गेलास: आईला समजतच नाही, तर ती कुठे आहे याने तिला काय फरक पडतो, आणि बाबांनी एकट्याने का झिजायचं? तुझी चूक नाही. वाक्य छापील होतं.

आता आपल्या घरची एक रीत आठव. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये तुझ्या आईनेच घालून दिलेली. बाहेरचं माणूस खोलीत असलं की मराठी बंद. शेजारच्या सरदारणीला वाटायला नको की हे आपल्याबद्दलच बोलताहेत. तू मध्येच मराठीत कुजबुजलास की दंडाला चिमटा बसायचा. चांगली रीत, तिच्यामुळेच आपल्याला त्या कॉलनीत माणसं मिळाली. पण बघ काय झालं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिच्या खोलीत बाहेरचं माणूस नाही असं कधी झालंच नाही. आयसीयूत नर्स, वॉर्डात आया, घरी नर्सिंग ब्यूरोतून आलेली बिमला. आपण सगळे, तू आलास तेव्हा तूही, तिच्याशी हिंदीत बोलत राहिलो. पानी चाहिए? दर्द है क्या? थेरपीची मुलगीही चित्रं दाखवून हिंदीतच विचारायची. आणि तुझी आई म्हणजे उभं आयुष्य कृषी भवनात हिंदीत फायली चालवलेली बाई. कुणाला शंका येणार?

एका दुपारी बिमला केमिस्टकडे गेली होती. माझ्या शर्टाचं बटण निघालं, आणि सवयीने मराठीत तोंडातून गेलं, अगं, सुई कुठे ठेवलीस? उत्तराची अपेक्षाच नव्हती. तिने चांगला हात उचलून आरशाच्या कपाटाकडे केला. आणि घशातून एक आवाज काढला, छोटासा, वैतागलेला. जयेश, माझं पोट कानांवर चाललंय. जनरेटरच्या बंद हूडच्या आतलं कुठलं सिलिंडर मारत नाहीये ते मी बाहेर उभं राहून सांगतो. तो आवाज मी लग्नापासून ऐकतोय. त्यात अख्खं वाक्य होतं, की इतकी वर्षं या घरात राहता आणि सुई माहीत नाही. सुई कपाटातच होती.

मी तुला तेव्हा कळवलं नाही, कारण बाबांना आशेचे भास होतात असं तू म्हणाला असतास, प्रेमाने म्हणाला असतास. मला माझ्या कानांखेरीज दुसरा साक्षीदार हवा होता. मानेसरच्या पुढे, अरवलीच्या उतारावर, सरकारी पैशाने चालणारं एक मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या स्कॅनरच्या बॅकअप जनरेटरचं काम आपल्याकडे आहे. तिथे डॉ. अलकनंदा नौटियाल म्हणून गढवालच्या एक बाई आहेत, तुझ्याच वयाच्या. एका डोक्यात दोन भाषा कशा नांदतात, हा त्यांचा अभ्यास. मी सगळं सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, अंकल, मैं इलाज नहीं करती, झूठी उम्मीद नहीं दूँगी. मी म्हटलं, उमेद माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त मोजा.

पण मोजायचं कशाने? त्यांच्याकडे चाचणी हिंदीत होती, बंगालीत होती, मराठीत नव्हती. ती करायची तर तिच्या वयाची, दिल्लीत मुरलेली, धडधाकट मराठी माणसं आधी तपासायला हवीत. नाहीतर आईचं उत्तर कुणाच्या उत्तराशी ताडून बघणार? बस्स, मला काम मिळालं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवापासून सोसायटीच्या बाकड्यापर्यंत मी कुणाला सोडलं नाही. दत्तात्रयकाका घाबरले, म्हणाले, सूर्यकांत, मशीनमध्ये डोकं घातलं आणि आत काहीच निघालं नाही तर? काकू म्हणाल्या, मी लग्नापासून जे म्हणतेय ते सरकारी शिक्क्यासकट मिळेल, चला. टेम्पो ट्रॅव्हलर भरून नेत होतो, डबे, पत्ते, सगळं घेऊन. आणि गंमत ऐक. हे सगळे कडवे मराठी, चाळणीचं चित्र दाखवलं की अर्धे म्हणाले छलनी. त्यांचे चेहरे असे पडले, की जणू नापास झाले. अलकनंदा मात्र खूष. म्हणाल्या, हेच तर बघायचंय, दिल्लीतल्या डोक्यात या दोन भाषांच्या मध्ये भिंत आहे की नुसता पडदा.

मग आईची पाळी. अलकनंदांना मी आपली रीत सांगितली होती. त्यांनी काय केलं असेल? त्या खोलीतून उठून गेल्या. काचेच्या पलीकडे बसल्या, आणि प्रश्न विचारायला मला शिकवून आत बसवलं. नियम कडक. शब्द पुरवायचा नाही, मान हलवायची नाही, डोळ्यांनीसुद्धा सुचवायचं नाही. आयुष्यात इतका गप्प मी कधी बसलो नव्हतो. बोटाने दाखवायचे प्रश्न तिने जवळजवळ सगळे बरोबर सोडवले. लांबलचक वाक्यंसुद्धा, आधी कप उचल आणि मग किल्लीला हात लाव असली. बोलायचे शब्द थोडेच निघाले. पण एका भोकाभोकांच्या भांड्याच्या चित्रापाशी ती खूप वेळ थांबली आणि म्हणाली, रोवळी. तांदूळ धुवायची रोवळी. इतक्या जणांत तो शब्द कुणीच म्हणालं नव्हतं.

स्कॅनही झाला. अलकनंदांनी मोजूनमापून सांगितलं: शब्द बाहेर काढणाऱ्या भागाला इजा आहे, ती खोटी नाही. पण समज शाबूत आहे. हिंदीत अंधूक, मराठीत चांगली. बोलणं किती परत येईल हे आज कुणीच सांगू शकत नाही. तसं त्यांनी लिहूनही दिलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि शांतपणे आपलं वाक्य बदललं. मी आजवर कर भरत आलो, तोंड वाकडं करून. पहिल्यांदाच तो कुठे जातो ते पाहिलं. अलकनंदांना थांबून विचारायला वेळ होता, आणि तो वेळ सरकारने दिला होता.

आता घरातली रीत मी मोडली आहे. बिमलासमोर मराठी चालते. बिमला स्वतःच आता आईला जेवलात का विचारते, झारखंडच्या सुरात, आणि आई हसते.

तुझ्या हो की नाहीचं उत्तर मी देणार नाही, म्हणून हे पत्र. काल तुझा ईमेल मी तिला मराठीत वाचून दाखवला, निवासस्थानासकट, काही न वगळता. ती रागावली नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि मी काय लिहू असं विचारलं, तेव्हा तिने फोनकडे बोट केलं आणि म्हणाली, मी. तेव्हा रविवारी फोन कर. फोन आई उचलेल. मराठीत विचार, मोडकी चालेल. तिला तिथे जायचंय की इथेच राहायचंय, सरळ विचार. मग थांब. लाइन कटली समजून हॅलो हॅलो करू नकोस. शब्द पुरवू नकोस. कितीही वेळ लागू दे. ती जे म्हणेल ते मी करीन, तूही करायचंस. मी तेव्हा गच्चीवर जाऊन बसणार आहे.

तुझाच,
आईचा दुभाष्या म्हणून रविवारी निवृत्त होणारा,
बाबा